पन्हाळीखालची पेटी: व्हँकुव्हर बंदराने छपरावरचं जस्त कसं अडवलं

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर व्हँकुव्हर बंदर आहे. कॅनडातलं व्हँकुव्हर ते हे नव्हे. याच्या समोरच्या काठाला पोर्टलंड शहर येतं आणि समुद्र इथून नदीमार्गे सुमारे १७० किलोमीटर लांब. गहू, पोलाद, पवनचक्क्यांची लांबलचक पाती, सुबारूच्या मोटारी असा माल इथे चढतो-उतरतो. माल ठेवायला गोदामं आहेत, गोदामांवर पत्रे आहेत आणि पत्र्यांवर पाऊस पडतो. प्रकरण खरं तर एवढंच. ना कुठे रसायनाची टाकी फुटली, ना रात्रीच्या अंधारात कुणी टँकर ओतला. तरीही पावसाच्या पाण्यातल्या प्रदूषणाबद्दल कारखानदारांशी बोलताना मला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी वाटतं, कारण इथलं दूषित पाणी डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

आधी कायद्याची बाजू, थोडक्यात. अमेरिकेचा स्वच्छ पाणी कायदा १९७२ चा. १९८७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कारखाने, बंदरं, भंगारवाडे यांच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही परवाना लागू लागला. वॉशिंग्टनमध्ये हा परवाना राज्याचा पर्यावरण विभाग देतो. परवानाधारकाने दर तिमाहीला आपल्याच आवारातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा आणि आकडे सरकारला कळवायचे. ताडून पाहायला ‘बेंचमार्क’ ठरलेले आहेत: एकूण जस्त ११७ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, राज्याच्या पश्चिम भागात एकूण तांबं १४ मायक्रोग्रॅम, गढूळपणा २५ एनटीयू (हे गढूळपणा मोजायचं एकक), पीएच ५ ते ९ च्या दरम्यान, आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसता कामा नये.

बेंचमार्क ओलांडला की लगेच दंड, असा हा प्रकार नाही, आणि मला यातली हीच गोष्ट शहाणपणाची वाटते. आकडा वर गेला तर पहिली पायरी आवारातल्या शिस्तीची: झाडलोट वाढवा, गळती थांबवा, भंगार पावसात ठेवू नका. तरीही आकडे वरच राहिले तर दुसरी पायरी बांधकामाची: माल ठेवता तिथे छप्पर घाला, बांध घाला, उतार बदला. वर्षातल्या तीन तिमाह्यांत आकडा वर गेला तर तिसरी पायरी, म्हणजे पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवा. आकडा वर गेल्याचं माहीत असून हातावर हात ठेवून बसलात, की मग परवान्याचा भंग झाला. आकडे सार्वजनिक असतात आणि कायद्याने नागरिकांनाही दावा लावता येतो, त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून भागत नाही.

११७ म्हणजे नेमकं किती

११७ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.११७ मिलिग्रॅम. आपल्याकडे पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात जस्ताची मर्यादा आहे ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही जस्ताचा स्वीकारार्ह आकडा ५ च आहे. म्हणजे आपण जे पाणी जस्ताच्या बाबतीत बिनघोर पिऊ, ते व्हँकुव्हर बंदराच्या बेंचमार्कच्या चाळीसपटीहून वर असू शकतं.

हा आकडा वेड्यासारखा कडक वाटतो खरा. पण तो माणसासाठी ठरवलेलाच नाही. माणसाच्या शरीराला जस्त लागतं, जास्तीचं आतड्यात बरंच अडवलं जातं. माशाचे कल्ले मात्र थेट पाण्यात उघडे असतात. विरघळलेल्या जस्ताचे आयन कल्ल्यांवरच्या कॅल्शियमच्या वाटा अडवतात आणि माशाला पाण्यातून कॅल्शियम घेता येईनासं होतं. पाणी कठीण असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर मासा थोडाफार तग धरतो. पाणी मृदू असेल तर तेवढंच जस्त जास्त घातक ठरतं, आणि पावसाच्या पाण्याइतकं मृदू पाणी दुसरं नाही. म्हणून तिकडे जस्ताचे निकष पाण्याच्या कठीणपणाशी बांधलेले असतात. ११७ हा आकडा लिटरला १०० मिलिग्रॅम कठीणपणा धरून आलेला आहे.

कोलंबियाच्या खोऱ्यात सॅल्मन आणि स्टीलहेड माशांच्या १३ गटांना संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याचं संरक्षण आहे. त्यांतल्या अनेकांची पिल्लं समुद्राकडे जाताना या बंदराच्या धक्क्यांखालून जातात. आकडा कडक का, याचं उत्तर तिथे पोहतंय.

पत्र्याचा हिशेब

बंदराच्या पाण्यात जस्त येत होतं ते गोदामांच्या गॅल्व्हनाइज्ड छपरांवरून. आपल्याकडे ज्याला जीआय पत्रा म्हणतात तोच हा. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देतात, आणि तो थर आपलं काम करतो म्हणजे स्वतः हळूहळू झिजतो. हवेतला ऑक्सिजन, ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांनी जस्तावर ऑक्साइड आणि कार्बोनेटची पातळ साय धरते. ही साय पुरती अविद्राव्य नसते. पावसाचं पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी. ते तिच्यातलं थोडं थोडं जस्त विरघळवून नेतं. जुन्या शेडवर चढून दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या जोडात बोट फिरवलं तर पांढरी भुकटी लागते. पावसाने पत्रा धुतला की यातलंच पन्हाळीत उतरतं.

किती उतरतं? आकडेमोड सोपी आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. व्हँकुव्हरला वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे दर चौरस मीटरला हजार लिटर. समजा वर्षभरात एका चौरस मीटरवरून फक्त एक ग्रॅम जस्त धुऊन गेलं. हजार लिटरमध्ये एक ग्रॅम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजेच १००० मायक्रोग्रॅम. बेंचमार्कच्या आठपटीहून जास्त.

आता तोच एक ग्रॅम पत्र्याच्या बाजूने बघा. २७५ जीएसएमचा पत्रा म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. वरच्या बाजूला त्यातलं निम्मं, म्हणजे १३७ ग्रॅमच्या आसपास. त्यातून वर्षाला एक ग्रॅम गेलं तर मालकाला पत्ताही लागणार नाही. छप्पर उत्तम आहे, गळत नाही, चमक थोडी उतरली एवढंच. छपराच्या हिशेबात एक टक्काही नाही ते नदीच्या हिशेबात आठपट होतं. पावसाच्या पाण्याबद्दल सुरक्षा आणि पर्यावरण विभागाच्या माणसाने देखभाल विभागाला समजावताना हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा; नुसतं ‘प्रदूषण होतंय’ म्हटलं तर समोरचा पत्र्याकडे बघतो आणि हसतो.

छप्पर हा एकच स्रोत नसतो. गॅल्व्हनाइज्ड जाळीचं कुंपण, उघड्यावरचे पाइप, वायुवीजनाची धुराडी ही सगळी त्याच कुळातली. फोर्कलिफ्ट आणि ट्रकच्या टायरच्या रबरातही झिंक ऑक्साइड असतं आणि टायर झिजला की ते आवारातल्या धुळीत येतं. ओलसर वायव्य अमेरिकेत तर छपरावर शेवाळ धरतं म्हणून लोक मुद्दाम जस्ताच्या पट्ट्या लावतात किंवा जस्ताची शेवाळनाशक भुकटी मारतात. छप्पर साफ आणि नदीत जस्त!

समोर असलेले पर्याय

अशा जागी सुचवले जाणारे उपाय ठरलेले असतात. पत्रे बदला, हा सर्वांत खरा उपाय; पण चांगल्या स्थितीतलं हजारो चौरस मीटर छप्पर उतरवायला कोण तयार होईल? पत्र्यांना रंगाचा किंवा पॉलिमरचा लेप द्या, हा दुसरा. लेपाने जस्त खरोखर कमी होतं, पण पृष्ठभाग नीट तयार केला नाही तर रंग सुटतो, पुन्हा काही वर्षांनी तोच खर्च, आणि मोठ्या उतरत्या छपरावर माणसं चढवण्याची जोखीम वेगळी. तिसरा उपाय आवाराच्या शेवटी, जिथे सगळी पावसाळी गटारं एकत्र येतात तिथे शुद्धीकरणाची यंत्रणा बसवण्याचा. कायटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून केलेला पदार्थ) घालून गाळ बसवणं, विजेच्या साहाय्याने कण साकळवणं, माध्यम भरलेले तयार फिल्टर असे प्रकार बाजारात मिळतात. ते चालतात. पण शेवटच्या तोंडाशी येईपर्यंत छपराचं पाणी रस्त्याच्या पाण्यात, आवारातल्या चिखलात, तेलाच्या थेंबांत मिसळलेलं असतं आणि त्याचं प्रमाण प्रचंड झालेलं असतं. सगळ्याच पाण्याला औषध द्यावं लागतं.

आणि नेहमीचे गाळ बसवायचे हौद? इथेच बऱ्याच जागी पैसा पाण्यात जातो. छपरावरून येणारं जस्त बहुतांशी विरघळलेलं असतं. मिठाचं पाणी फडक्यातून कितीही वेळा गाळलं तरी खारट ते खारटच, तसंच हे. हौदात चार दिवस उभं ठेवा, वाळूतून सोडा, तळाला माती बसेल आणि पाणी काचेसारखं होईल. जस्त जिथल्या तिथे. आवारातल्या धुळीतलं, टायरच्या भुग्यातलं जस्त कणांना चिकटलेलं असतं, त्याला हौद चालतो. म्हणून एकूण जस्ताचा एकच आकडा हातात घेऊन यंत्रणा मागवू नये. त्यातलं विरघळलेलं किती आणि कणांसोबतचं किती, हे आधी कळायला हवं.

पेटी

व्हँकुव्हर बंदरातल्या कर्मचाऱ्यांनी केलं ते असं: पाणी जिथे खाली येतं तिथेच, पन्हाळीच्या उभ्या पाइपाखाली, एक पेटी ठेवली. रसायनांच्या वाहतुकीत वापरतात ती लोखंडी पिंजऱ्यातली हजारेक लिटरची प्लॅस्टिकची टाकी, आपल्याकडे आयबीसी टँक म्हणून भंगारवाल्याकडेही मिळते ती. तिचं वरचं तोंड कापलं आणि आत थर रचले. लहान छपरासाठी साध्या २०० लिटरच्या पिंपातही तेच केलं. तिला दोन कर्मचाऱ्यांच्या आडनावांवरून ‘ग्रॅटिक्स’ म्हणू लागले. बंदराने आराखडा स्वतःजवळ दाबून ठेवला नाही. कुणीही बनवावा म्हणून तो खुला केला आणि त्या भागातल्या इतर औद्योगिक जागांनी तो उचलला.

आत काय असतं ते खालून वर बघू. तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्याचं टोक टाकीच्या खालच्या तोंडातून बाहेर काढलेलं. त्यावर धुतलेली खडी, पाइप बुजू नये म्हणून. खडीवर बारीक गोटे. हा थर नुसता अडसर, वरची वाळू खडीत उतरू नये यासाठी. मग वाळू. वाळूवर सर्वांत जाड आणि सर्वांत महत्त्वाचा थर: वाळू आणि कंपोस्ट खत यांचं मिश्रण. त्या राज्यात अशा कामांसाठी साधारण ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट असं प्रमाण रूढ होतं. वर आच्छादन म्हणून लाकडाचा भुगा किंवा सालपटं, आणि त्यात लव्हाळ्यासारखी ओल-कोरड दोन्ही सोसणारी झाडं. पाइपातून पाणी धो धो पडून माती उखडू नये म्हणून तोंडाखाली चार दगड. काठाजवळ, मातीच्या वर थोडी जागा सोडून, जादा पाण्याला बाहेर जायची वाट.

काम कुठला थर करतो? लोकांना वाटतं झाडं. झाडं जस्त घेतात, पण फार थोडं. त्यांचा खरा उपयोग मुळांनी माती भुसभुशीत ठेवण्यात आहे, नाहीतर वरची साल घट्ट होऊन पाणी तुंबतं. जस्त पकडतो तो कंपोस्टमधला सेंद्रिय भाग. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या पृष्ठभागावर ऋण भाराच्या असंख्य जागा असतात, त्यांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम बसलेलं असतं. धन भाराचं जस्त आलं की ते या जागांवर जास्त घट्ट बसतं आणि कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यात जस्त कमी आणि कठीणपणा थोडा जास्त. माशाला दोन्ही बाजूंनी फायदा. शिवाय कंपोस्टमधून जाताना पीएच थोडा वर येतो आणि जस्त विरघळलेलं राहण्याची शक्यता आणखी घटते. छपराचं बहुतांश जस्त या थरात अडकतं.

याच मिश्रणाची परीक्षा वेगळ्या ठिकाणी जिवंत माशांवरही झालेली आहे. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या प्युॲलप इथल्या केंद्रात हमरस्त्यावरचं पावसाचं पाणी गोळा करून कोहो सॅल्मनवर प्रयोग केले गेले. थेट पाण्यात मासे काही तासांत मेले. वाळू-कंपोस्टच्या थरांतून गाळलेल्या त्याच पाण्यात जगले. तिथला मारेकरी जस्त नव्हतं. २०२० च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या संशोधनाने टायरमधल्या ६पीपीडी या पदार्थापासून तयार होणाऱ्या क्विनोनवर बोट ठेवलं. पण औद्योगिक आवारांतही टायर फिरतातच, म्हणून हा निष्कर्ष बंदरवाल्यांच्याही कामाचा.

जिथे पेटी अडखळते

कंपोस्ट हे औषध आहे आणि तेच दुखणंही. नवीन भरलेल्या पेटीतून पहिले काही पाऊस काळपट-चहासारखं पाणी येतं. त्यातून नायट्रेट आणि फॉस्फरस तर जातंच, कंपोस्टमध्ये मुळात तांबं असेल तर तेही सुटतं. जस्ताचा आकडा खाली आणि तांब्याचा वर, आणि तांब्याचा बेंचमार्क आहे १४! म्हणून पेटी भरल्यावर ती आधी साध्या पाण्याने धुऊन काढायची आणि कंपोस्ट कुठलं आहे याची चौकशी करायची. कोंबडखत किंवा मैल्यापासून केलेलं कंपोस्ट असेल तर नकोच.

या अनुभवांतून वॉशिंग्टनच्या पर्यावरण विभागाने पुढे वेगळं मिश्रण मान्य केलं: ७० टक्के वाळू, २० टक्के नारळाचा काथ्या आणि १० टक्के बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा. काथ्यात ऋण भाराच्या जागा आहेत, पण कंपोस्टसारखं खत त्यातून सुटत नाही. काथ्या त्यांना आयात करावा लागतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात तो सोडणांच्या ढिगात पडलेला असतो.

दुसरी अडचण वय. वर धरलेला हिशेबच पुढे नेऊ. १०० चौरस मीटर छपराचं वर्षाला १०० ग्रॅम जस्त एका पेटीत जमा झालं आणि आतलं मिश्रण ५०० किलोच्या घरात असेल, तर दर वर्षी किलोमागे २०० मिलिग्रॅम वाढत जाणार. प्रत्यक्षात ते सगळीकडे सारखं पसरत नाही, वरच्या काही इंचांतच साठतं. हे एका अर्थी सोयीचं आहे: पूर्ण पेटी उपसायची गरज नाही, वरचा थर आणि आच्छादन काढून नवं घातलं की पेटी पुन्हा कामाला लागते. गाळाने साल धरून पाणी तुंबायला लागतं तेही वरच, त्यामुळे एकाच कामात दोन्ही निपटतं. काढलेली माती मात्र तपासल्याशिवाय कारखान्याच्या बागेत टाकायची नाही. इतक्या खटाटोपाने पकडलेलं जस्त पुन्हा पावसात मोकळं सोडण्यात काय अर्थ आहे?

कोकणात हीच पेटी?

आता आपल्याकडचा प्रश्न. लोटे, महाड, तारापूर, तळोजा. कुठल्याही एमआयडीसीत उभं राहिलं तर जीआय पत्र्यांचा समुद्र दिसतो. मग ठेवायच्या का पेट्या पन्हाळीखाली?

जशाच्या तशा नाही. हजार लिटरच्या टाकीचं वरचं तोंड साधारण १.१ चौरस मीटर. मिश्रणातून तासाला ३०० मिलिमीटर पाणी मुरतं असं धरलं तर पेटी तासाला ३३० लिटर पाणी घेते. व्हँकुव्हरचा पाऊस रिपरिप पडणारा, हिवाळाभर चालणारा. १०० चौरस मीटर छपरावर तासाला २ मिलिमीटर पडला तर २०० लिटर. पेटी आरामात पेलते. कोकणात जुलैमध्ये तासाला ४० मिलिमीटर कोसळला तर त्याच छपरावरून ४,००० लिटर येतील. तेवढ्याला बारा पेट्या लागतील, नाहीतर नव्वद टक्के पाणी वरच्या वर वाहून जाईल. वर्षाचा पाऊसही अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या पुढे.

तरी विचार सोडून देण्याचं कारण नाही. कोरड्या आठ महिन्यांत पत्र्यावर साठलेलं जस्त आणि धूळ जूनच्या पहिल्या सरींत सर्वांत दाट उतरते. पुढे पत्रा धुतला गेला की पाण्यातलं प्रमाण खाली येऊन एका पातळीवर राहतं. प्रत्येक सरीचे पहिले काही मिलिमीटर पेटीकडे किंवा साठवण टाकीकडे वळवायचे आणि उरलेलं पुढे जाऊ द्यायचं, हे पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना नवीन नाही. नळीला ‘टी’ लावून पहिलं पाणी बाजूला काढतातच. पण याने सगळं जस्त अडेल असं समजू नये. चार महिने झिरपत राहणारा वाटा मोठा आहे.

आणखी दोन गोष्टी तिकडच्या आराखड्यात नाहीत. आपल्याकडे साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूचे डास, तेव्हा पेटी एका दिवसाच्या आत पूर्ण निथळलीच पाहिजे. आणि मेपर्यंत मिश्रण वाळून असं खडखडीत होतं की पहिलं पाणी आत मुरण्याऐवजी कडेने निसटतं. जूनच्या आधी दोन-तीनदा शिंपण हवं, आणि झाड हवं तर वाळा. उन्हाळा काढतो आणि मुळं खोल नेतो. पुणे-चाकण भागात पाऊस कमी, तिथे पेटीचं गणित कोकणापेक्षा खूपच जवळ बसतं. नवी शेड उभारणाऱ्याला मात्र पेटीच्या फंदात न पडता रंगीत लेपाचे पत्रे घालणं सोपं.

कायद्याने कुणी विचारणार आहे का? १९७४ च्या जल कायद्यातली औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. उद्योगाच्या जागेतून बाहेर सोडलं जाणारं, घरगुती मैलापाणी सोडून, कुठलंही द्रव तिच्यात बसू शकतं. पण लिटरला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर बहुतेक छपरं सहज पास होतील. त्यामुळे आज हा विषय निघतो तो परदेशी ग्राहकाच्या लेखापरीक्षकाने विचारलं म्हणून, किंवा आवाराबाहेरच्या ओढ्यात मासे उरले नाहीत आणि ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचे, आकडे तर चांगले येतायत, मग कारण काय, असं कुणाला वाटलं म्हणून.

अशा वेळी सुरुवात यंत्रणेच्या कोटेशनने करू नये. पावसाच्या पहिल्या सरीत दोन ठिकाणचे नमुने घ्यावेत: एक थेट छपराच्या पाइपाखाली, दुसरा फाटकाजवळच्या पावसाळी गटारात. पत्र्याची बादली वापरायची नाही, तिच्यातूनच जस्त येतं. रबरी हातमोज्यांतही जस्त असतं, तेव्हा बाटलीच्या तोंडाला ते लागू द्यायचे नाहीत. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या: एकीत पाणी तसंच, दुसरीत ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. नमुना टिकावा म्हणून टाकतात ते नायट्रिक ॲसिड गाळण्याच्या नंतर घालायचं. आधी घातलं तर कणांवरचं जस्तही विरघळतं आणि अहवालात सगळंच विरघळलेलं दिसतं. दोन्ही ठिकाणचे चारही आकडे शेजारी शेजारी मांडले की पेटी पन्हाळीखाली ठेवायची की फोर्कलिफ्टच्या रस्त्यावर झाडू मारायचा, हे त्याच कागदावरून ठरवता येतं.